चौकातला पाण्याचा खांब

हॅलो?… हो ताई, मीच. मुद्दाम हळू बोलतेय… नाही, कॉलेजात नाही, चौकात. बागेच्या वॉचमनच्या केबिनमध्ये. आतून कडी लावलीये.

अगं ऐक ना… रडत नाहीये. बरं, थोडी रडले.

हो, तोच, माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. दोन मजली काचेचा खांब, आत निळं पाणी. देशात पाण्याची टंचाई वाढतेय, हे लोकांनी नुसतं वाचू नये, हाताला कळावं, एवढीच कल्पना. दांडा दाबला की पाणी जरा उतरतं. वर मोठ्या अक्षरांत 'आपल्या शहराचं पाणी'… हो गं, 'ही प्रतिकृती आहे' असंही लिहिलंय, खाली. पण कुणीतरी व्हिडिओ काढला. त्यात फक्त खांब आणि तळाला गेलेलं पाणी. लोकांना वाटलं, धरणातलंच दाखवतोय.

…तुलाही आला? मग लगेच फोन नाही का करायचा?

हो, हो, सांगते. आधी पाच-दहा जण आले. मग टँकर अडवला. दुकानांतल्या बाटल्या संपल्या, शटरं खाली आली. आता बादल्या, पिंपं घेऊन अख्खा चौक भरलाय. एक आजोबा रेटारेटीत पडले… नेलं हॉस्पिटलात. शुद्धीवर होते. त्यांची एक चप्पल माझ्या हातात राहिली, ताई. मी तशीच उभी.

नाही, गर्दीत अजून कुणी ओळखलं नाही… थांब… काचेवर कुणीतरी मारतंय…

गेले.

सर? फोनच उचलत नाहीत. परवा पाठ थोपटत होते, तुझं काम लोकांना हलवेल म्हणून. हललेत लोक.

एकटी नाहीये गं. पाणी खात्याचे साहेब आहेत इथे आत, समोर, पोलिसांनी आणून सोडलेत. ते म्हणतात, बाहेर पोलिसांच्या माईकवर सांग, हे खेळणं आहे, पाणी भरपूर आहे, घरी जा… हो ना, मलाही कधी एकदा सांगते असं झालं होतं. पण सहज विचारून बसले, भरपूर म्हणजे किती?

…चष्मा पुसत बसले. पुन्हा विचारलं तर म्हणाले, 'मुली, तू फक्त तुझ्या खांबाचं बोल.'

…तेच तर. इतका वेळ गर्दीची भीती वाटत होती. आता या माणसाच्या गप्प बसण्याची वाटतेय.

कसं म्हणू, ताई? भरपूर आहे म्हटलं, तर कदाचित खोटं. नाही म्हटलं, तर चेंगराचेंगरी. आणि खरं काय ते मला तरी कुठे ठाऊक आहे?… नाही, ऐक. खांब माझा, तेवढं मी सांगते. धरणाचं त्यांनी सांगावं… काढू देत कॉलेजातून. फोन चालूच ठेव. कडी काढतेय.

…ताई, आहेस ना? सांगितलं मी. खांब मी केलाय, पाणी रंगवलेलं आहे, म्हटलं. खरं किती आहे ते साहेब सांगतील, म्हटलं, आणि माईक दिला त्यांच्या हातात.

…पुन्हा चष्मा पुसतायत…

ऐकलंस? 'उन्हाळाभर पुरणार नाही.' एवढंच बोलले.

नाही, कुणी पळत नाहीये. ओरडतही नाहीये. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

…एक बाई आलीये माझ्यापाशी. आता काय करायचं, विचारतेय… साहेबांना नाही गं. मलाच.

ठेवते, ताई.