माळवदातलं बी

(शिरूर अनंतपाळजवळचं गाव. भूकंपाला दहा वर्षं झालीत. पत्र्याच्या घरासमोर शेषेराव आणि त्याची बायको लक्ष्मीबाई पेरणीआधी बी उगवतं का ते पाहायला ओल्या बारदान्यात बांधलेल्या सोयाबीनच्या दोन गुंडाळ्या उलगडून बसलेत. शेजारी निजामोद्दीन गवंडी.)

शेषेराव : ही बघ. दहाच्या ओळीत तीन-चार दाणे फुटले, बाकीचे कुजले. हे पेरलं तर दुबार पेरणी ठरलेलीच.

लक्ष्मीबाई : आन् ही दुसरी?

शेषेराव : हिच्यात झाडून सगळ्याला कोंब. कामून असं? एकाच राशीचं सोयाबीन, एकाच मशीनीतून काढलेलं.

निजामोद्दीन : पोतं आपटलं असंल. याचं टरफल लई नाजूक. आपटलं की दाणा आतून मरतंय.

शेषेराव : न्हाई मिस्त्री, माझ्या हातानं उतरवलं. थप्पीबी लावली न्हाई.

लक्ष्मीबाई : मग फरक काय र्‍हायला?

शेषेराव : तेच तर इचार करून राहिलो. बारदाना तोच, पाणी तेच... हे दुसरं बी कुठं होतं गं? उन्हाळाभर पत्र्यात मला दिसलं न्हाई.

लक्ष्मीबाई : जुन्या घरात. मागच्या खोलीत.

शेषेराव : त्याला कुलूप हाय.

लक्ष्मीबाई : किल्ली माझ्याकडंच हाय की. तुमी वावरात गेले की घमेल्यानं थोडं थोडं नेलं.

शेषेराव : ज्या घरानं माझ्या भावाला गिळलं, त्यात जात होतीस? डोकं फिरलं का तुझं?

निजामोद्दीन : शेषेराव, दयानंदभाई पुढचा खण कोसळला त्यात गेले. मागची खोली उभीच हाय. भाभीनं मला संक्रांतीला दाखवली. छताचं वझं कमी कराया मी माळवदावरची निम्मी माती उतरवली, तुळयांना आधाराच्या कैच्या मारल्या.

शेषेराव : म्हंजी तुमीबी सामील.

निजामोद्दीन : हे पत्रेबी मीच ठोकले. तवा सगळ्यांलाच दगडाच्या घराची दहशत. मलाबी. गावंच्या गावं पत्र्यात घातली आपण. पर बियाला काय होतंय, हे कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई.

शेषेराव : मग तुझ्या कसं आलं?

लक्ष्मीबाई : वर्षाराणीमुळं. लातूरला क्लासला गेली तर खोली मिळाली पत्र्याची. म्हनली, आई, दुपारी डोकं शिजतंय, वाचलेलं टिकत न्हाई. मला वाटलं, पोरीचं असं, तर दाण्याचं काय होत असंल? माळवदाखाली मातर गार असतंय.

शेषेराव : दरसाल बियाण्याला नावं ठेवली मी. आन् वैशाखभर मीच भाजत होतो त्याला. मला इचारलं का न्हाई?

लक्ष्मीबाई : हो म्हनले असते?

शेषेराव : न्हाई.

लक्ष्मीबाई : मग. यंदा हे पेरू. पर पुढच्या सालचं समदं बी तिथंच ठिवायचं म्हनलं तर घमेल्यानं किती वाहू? तुमाला आत यावं लागंल.

शेषेराव : मला भ्याव वाटतंय गं. अजून.

लक्ष्मीबाई : मलाबी वाटत होतं. पैल्यांदा उंबऱ्यातच बसून आले.

निजामोद्दीन : मी होतो म्होरं. तुमी मागून या.

शेषेराव : त्या खोलीत खुंटीला दयानंदचा सदरा होता.

लक्ष्मीबाई : हाय. धूळ झटकून तिथंच अडकवला.

शेषेराव : किल्ली आण. आन् मिस्त्री, पेरणीचं पोतं भाईर आणताना एका अंगानं तुमी धरा. हळू. आपटायचं न्हाई.