कोपराच्या पुढे

(दवाखान्यातली खोली. दुपार. धाकटी पलंगावर, थोरली बहीण शेजारी.)

धाकटी : …म्हणून सांगते, पिल्लूला आत आणू नकोस. आधी हा हात कुणाचा आहे ते बघ.

ताई : तुझाच आहे गं. खांद्यापासून बघत खाली ये.

धाकटी : आले. कोपरापर्यंत मी आहे. पुढे कुणीतरी दुसरीच बाई आहे.

ताई : अंगठी तर तुझीच.

धाकटी : तेच म्हणते. माझी अंगठी तिच्या बोटात कशी?

ताई : मग तुझ्या नवऱ्याचा असेल हात.

धाकटी : त्याचा कधी एवढा मऊ होता?

ताई : डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय ना?

धाकटी : पाठ आहे. अंडाशय काढलं, केमोत केस गेले, तरी कॅन्सर मेंदूत जाऊन बसला. गाठ उजवीकडे, म्हणून डावा हात परका वाटतो. कळतं गं. पटत नाही. काल त्या बाईने नर्सचं मनगट धरलं, सोडेचना. पिल्लूचा गळा धरला तर?

ताई : पोर दाराबाहेर रडून लाल झालीय. माझ्याकडे झोपत नाही. थोडा वेळ तिला जवळ घे. तो हात मी धरून ठेवते.

धाकटी : घट्ट धर.

ताई : ये गं पिल्लू. तिकडून नको, आईच्या उजवीकडून.

पिल्लू : मला इथेच.

धाकटी : कुठे गेली? मला दिसत नाहीये.

ताई : तुझ्या डाव्या कुशीत आहे. तिकडचं तुला दिसत नाही ना, मान वळव. अजून थोडी.

धाकटी : हात धरलायस ना?

ताई : धरला होता.

धाकटी : होता म्हणजे?

ताई : सुटला. हलू नकोस. काही करत नाहीये. थोपटतोय तिला.

धाकटी : मी नाही थोपटत.

ताई : बरं.

धाकटी : खरंच, ताई. मी काहीच करत नाहीये.

पिल्लू : थांबू नको ना.

ताई : मिटले बघ डोळे. उद्या मेंदूवर किरणांचा उपचार सुरू झाला, गाठ आक्रसली, की जाईल ती तुझी बाई.

धाकटी : जाईल?

ताई : म्हणजे, हात पुन्हा तुझा वाटायला लागेल.

धाकटी : आणि किरणांनीही काही झालं नाही तर? मी नसले, तर पिल्लूला थोपटशील ना?

ताई : थोपटेन गं. हे काय विचारणं झालं?

धाकटी : मी तुला नाही विचारलं, ताई.