विहिरीपर्यंतचा आवाज

अक्का, भाऊ, आणि जमलेल्या बठ्ठ्या मंडळींनो,

मला सभेत बोलायची सवय नाही. मी सलीम, नशिराबादला रेडिओ दुरुस्त करतो. उघडलेल्या यंत्रापुढे तासभर बडबडेन. आबांच्या फोटोपुढे जीभ उचलत नाही.

आबांचा केळीचा बाग तुम्ही पाहिलाय. घर एका टोकाला, विहीर दुसऱ्या. अक्कांचे पाय अधू झाले तेव्हापासून आबांना एकच घोर. मी शेतात असताना हिला काही झालं तर मला कळणार कसं? तार टाकली, ती उंदरांनी कुरतडली. मग बिनतारी फोनच्या मागे लागले.

दोन फोन आणले. एक जुना, लांब अँटेनाचा, सतत खरखरणारा. दुसरा नवा, आखूड अँटेनाचा. मी छातीठोकपणे म्हणालो, आबा, नवाच ठेवा, दुकानात आवाज बघा किती स्वच्छ येतो!

आबा म्हणाले, "सलीम, तुन्हा दुकानमा केळीना बाग शे का? मंग तठली परीक्षा मन्हा काय कामनी?"

रोज ते पावलं मोजत विहिरीकडे निघायचे, आवाज कुठवर पोचतो ते बघायला अक्का घरातून फोनवर आकडे म्हणायच्या. केळी गुडघ्याएवढी होती तेव्हा नवा फोन जिंकला. मी मिशीवर ताव दिला. केळी डोक्यावर गेली, आणि नवा अर्ध्या वाटेत मुका! जुना खरखरत पुढे गेला, पण विहिरीआधी तोही थांबला. असं का व्हावं? केळीच्या अंगात पाणीच पाणी, ते आवाज पिऊन टाकतं. हे मी आबांना नाही शिकवलं, आबांनी मला शिकवलं.

मग आबांनी काय केलं? घरापासून विहिरीपर्यंत, घड लागलेल्या केळीच्या दोन ओळी तोडल्या. आवाजाला वाट करून दिली. गाव हसलं. मीही हसलो, अक्का. माफ करा.

परवा विहिरीवर छातीत कळ आली ती आबांच्याच. त्यांनी जुन्या फोनचं बटण दाबलं. अक्कांनी ऐकलं, हाका मारमारून शेजारी धाडले. आबांना घरी आणलं. गाडी येईपर्यंत अर्धा तास ते अक्कांचा हात धरून होते, बोलत होते. त्या फोनपायी एवढा खटाटोप केला नसता, तर विहिरीवर एकटेच गेले असते.

लोक मला अजून विचारतात, कोणता फोन चांगला? मी आता विचारतो, मध्ये काय आहे?

मंडळी, आबांसाठी दोन मिनिटं उभे राहू या. अक्का, तुम्ही बसूनच राहा. आबांना चालेल.