भडक घराच्या बाजूचं घर

आमच्या हिची पत्ता सांगायची तऱ्हा ऐका. शेजारच्या जाधवकाकांनी घराला पोपटी रंग दिला आणि खांब सोनेरी केले. तेव्हापासून ही पार्सलवाल्याला फोनवर सांगते, "ते भडक घर दिसतंय ना? त्याच्या बाजूचं आमचं."

परवा गॅलरीतून तेच ओरडून सांगत होती आणि खाली फाटकात काका उभे! ही पांढरीफटक पडली. मी घाईघाईनं म्हणालो, "काका, चुकलं हो तिचं."

"लई चुकलं," काका म्हणाले. "मागच्या गल्लीत एकानं गुलाबी रंग मारलाय. भडक म्हणलं की पार्सलवाला तिकडंच जातो. सूनबाई, बटबटीत सांगत जा. तसं अख्ख्या छावणी भागात आपलं एकच हाय!"