बोर्ड बोललं, मुक्ता बोलेना

तुम्हाला सांगते, त्या आठवड्यात माझी झोप उडाली ती मुक्तामुळे. माझी चार वर्षांची पोर, पण परक्यानं नाव विचारलं की गप्प! आणि शनिवारी सांगलीतल्या शाळेत प्रवेशाची मुलाखत.

ऑफिसात तरी वेगळं काय होतं? साखर कारखान्याच्या ऊस तोलायच्या काट्यासाठी बनवलेलं आमचं इलेक्ट्रॉनिक बोर्ड यूएसबीनं कॉम्प्युटरला जोडलं, की कॉम्प्युटर नाव विचारायचा आणि बोर्ड गप्प.

"वैनी, हे लय मुकं हाय," आमचा दादू वायरमन म्हणायचा.

"बोलेल. बोलायलाच लावते त्याला," मी म्हणायचे.

शुक्रवारी चूक सापडली, आणि ती माझीच. बोर्ड सुरू करणाऱ्या बूटलोडर प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये मी बोर्डाला उत्तर देणारं न ठेवता विचारणारं करून ठेवलं होतं. दोघंही विचारणारे, मग सांगणार कोण? सेटिंग बदललं आणि बोर्डानं लगेच नाव सांगितलं.

बोर्डाला जमतं, तर पोरीला का नाही? शाळेच्या वाटेवर रिक्षात मी तिला पढवलं, "बाई विचारतील, आपण फक्त सांगायचं."

बाईंनी विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?"

मुक्ता गप्प. मला वाटलं, हिच्यातही माझंच काहीतरी चुकलंय.

तेवढ्यात ती बाईंना म्हणाली, "आधी तुमचं सांगा."