बहात्तर सालचा फोटो

जामखेडच्या स्टुडिओत निवृत्त प्राध्यापक जोशुआ मकासरे स्वतःच्या फोटोची वाट पाहत बसले होते. संगणकापुढच्या अंजुमशी गावाकडचा एक पुढारी बोलू लागला, आणि सरांचे वर्तमानपत्र एकाच पानावर थांबले.

"ताई, ह्यो फोटो काळापांढरा करा. जुन्या रिळाचा वाटला पायजे."

"किती जुना?"

"बहात्तरच्या दुष्काळातला. आमच्या आजोबांनी पाझर तलाव खंदला. ग्रामसभेत तलावाला त्यांचं नाव द्यायचंय."

"चेहरा आजोबांचा, पण धड तुमचं दिसतंय."

"आजोबा माझ्यावानीच हुते. तुमी जुन्या फोटोवानी बारीक दाणे टाका, ओरखडे टाका."

"टाकले. पण मामा, मागं तलाव काठोकाठ भरलाय."

"मग?"

"दुष्काळात?"

"पानी पुसा की!"

"पुसलं. आता तळाशी काय दाखवू?"

"खंदनारी मानसं दाखवा. तोंडं न्हाई दिसली तरी चालंल."

"घ्या, झाली."

"लई झ्याक! सर, तुमी तर त्या काळातले. खरं वाटतंय का न्हाई?"

सरांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ जाऊन त्या बिनचेहऱ्याच्या रांगेवर बोट ठेवले.

"डावीकडून तिसरा जरा बारीक करा, अंजुमताई. तलाव खणताना मी सतरा वर्षांचा होतो."