बसमधली टिग वेल्डिंगची ट्रायल

बायको गेल्यापासून गुंडूतात्या बसमध्ये मागंच बसत. त्यांच्या पुढच्याच सीटवर संयोगिता आणि तिचा वेल्डर नवरा होता. दुधाच्या टाक्या करणाऱ्या कारखान्यात आज तिची टिग वेल्डिंगची ट्रायल होती.

“काल पत्र्याला तीन भोकं पाडलीस.”

“तुम्ही वरडत हुतासा म्हणून.”

“शिलाई मशीनगत पाय मारू नको. पेडल दाबशील तेवढा करंट वाढतो. ठेव पाय माझ्या पायावर.”

“बसमधी? लोक बघत्यात की.”

“बघू देत. हातात पेन धर, ही वेल्डिंगची टॉर्च. दाब. पत्रा वितळला, आता कमी कर.”

“असं?”

“पडलं भोक! हळू... व्हय, असं. शेवटाला पाय एकदम सोडू नको, चीर पडंल.”

“सोडला हळूहळू.”

“आता हात हलवू नको. करंट गेला तरी टॉर्चमधनं गॅस येतोय. जोड गार हुईस्तवर त्यो गॅस त्याला झाकून ठेवतो, हवा लागू देत न्हाई.”

बस थांबली.

“ऊठ की, स्टॉप आला!”

“हात हलवू नको म्हणालासा न्हवं?”

कंडक्टरनं दोरीला हात घातला.

“ओ कंडक्टर,” गुंडूतात्या मागनं ओरडले, “बेल मारू नका. गॅस चालू हाय अजून.”